नवोदितांचा नियम : पेरणीचे माप आणि खळ्यावरचे माप

खेळाच्या नियमावलीविषयी साहित्यचर्चेच्या जागी लिहावे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर असे, की नियमावली हीदेखील एक संहिताच असते. ती कोणीतरी लिहितो, दुसरे कोणी वाचते, आणि लिहिणाऱ्याच्या मनातला अर्थ वाचणाऱ्याच्या हाती पडेलच असे नाही. कवितेच्या अर्थाविषयी मतभेद झाला तर फार तर एक परिसंवाद लांबतो. नियमाच्या अर्थाविषयी झाला तर माणसे डाव टाकून उठून जातात. टोरांटो व आसपासच्या गावांत राहणाऱ्या बारा जणांची एक फँटसी हॉकी लीग आहे. तीत आम्ही गेली काही वर्षे खेळत आहोत. या लीगमध्ये सध्या असाच एक मतभेद चालू आहे. विषय आहे नवोदित खेळाडूंविषयीच्या नियमात करावयाच्या बदलाचा. वरवर पाहता तो क्षुल्लक आहे. परंतु वाट पाहणाऱ्याला दिलेला शब्द पुढे बहुमताने बदलता येतो काय, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. आणि तो प्रश्न क्षुल्लक नव्हे.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी प्रस्तावना करणे आवश्यक आहे. येथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही तिची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा. तीत आज अमेरिका व कॅनडा मिळून ३२ संघ आहेत. फँटसी लीगमध्ये प्रत्येक सदस्य या खऱ्या संघांतील खरे खेळाडू निवडून आपला एक काल्पनिक संघ बांधतो. ते खेळाडू प्रत्यक्ष बर्फावर जे गोल करतात, गोलला जे साहाय्य करतात, गोलरक्षक जे सामने जिंकून देतात, त्यांचे गुण त्या सदस्याच्या खात्यात जमा होतात. या प्रकाराचे आजचे रूप प्रथम बेसबॉलच्या संदर्भात घडले. डॅनियल ओक्रेंट व त्यांच्या मित्रमंडळींनी १९८० मध्ये अशी लीग सुरू केली आणि न्यूयॉर्कमधील ज्या उपाहारगृहात ही मंडळी जमत असत, त्याच्या नावावरून तिला 'रोटिसेरी' हे नाव पडले. ओक्रेंट हे ग्रंथसंपादक. पुढे २००३ मध्ये ते 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पहिले लोकसंपादक झाले. त्यांचे सोबतीही बरेचसे लेखन-संपादन-प्रकाशनाच्या व्यवहारातलेच होते. तेव्हा या खेळाची आणि साहित्यव्यवहाराची सोयरीक आम्ही ओढूनताणून जुळवलेली नाही.

अशा लीग दोन जातींच्या असतात. एकीत दर वर्षी पाटी कोरी होते आणि निवड नव्याने सुरू होते. दुसरीत खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याकडे राखता येतात. आमची लीग दुसऱ्या जातीची आहे. मुख्य संघाव्यतिरिक्त प्रत्येकाला नवोदितांची एक वेगळी यादी ठेवता येते: ज्यांना एनएचएलच्या एखाद्या संघाने निवडले आहे, पण जे अद्याप कनिष्ठ स्पर्धांत, अमेरिकेतील महाविद्यालयांत, युरोपात किंवा अमेरिकन हॉकी लीगसारख्या दुय्यम व्यावसायिक स्पर्धेत खेळत आहेत, अशा तरुणांची. या दुय्यम संघांना तिकडच्या बोलीत 'फार्म टीम' म्हणतात. म्हणजे शेतीची उपमा मुळातच या खेळाच्या भाषेत आहे, आणि पुढे आम्ही ती वापरली तर ती पदरची समजू नये.

आमच्या लीगचा आजवरचा नियम साधा होता. प्रत्येकाने दहा नवोदित ठेवावेत. नवोदिताने एनएचएलमध्ये २५ हून अधिक सामने खेळले की त्याला मुख्य संघात तरी घ्यावे नाही तर मोकळे करावे. किती वर्षे वाट पाहावी याला मर्यादा नव्हती. आता ठराव आला आहे तो असा: यादी दहावरून सहावर आणावी, निवड झाल्यापासून तीन हंगामांत जो नवोदित मुख्य संघात आला नाही त्याला मोकळे करावे, आणि हे सारे येत्या हंगामापासून, आज यादीत असलेल्या सर्व नावांना लागू करावे. ठरावाची पहिली दोन कलमे वादाची आहेत, पण चर्चेला योग्य आहेत. तिसरे कलम मात्र आम्हांस मुळातच अमान्य आहे.

ठराव मांडणाऱ्यांची बाजू आधी प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की दहा नावांची व मुदत नसलेली यादी म्हणजे साठेबाजीला मोकळे रान. बारा जणांचे मिळून १२० तरुण अडकून पडतात. नव्याने येणाऱ्या सदस्याला उरलेसुरले वेचावे लागते आणि तो दोन वर्षांत कंटाळून निघून जातो. काही जण तर यादी एकदा भरतात आणि वर्षानुवर्षे तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. या तक्रारीत तथ्य आहे. शिवाय भविष्याच्या आशेवर वर्तमान बुडवण्याचा मोह अशा नियमांतून उत्पन्न होतो, हेही खरे. प्रत्यक्ष एनएचएललाही तो मोह चुकलेला नाही. १९९२-९३ च्या हंगामात तळाला असलेला ओटावाचा संघ पहिल्या निवडीचा हक्क मिळावा म्हणून मुद्दाम हरतो आहे, असा संशय घेतला गेला. तो हक्क मिळाला, आणि १९९३ मध्ये ओटावाने अलेक्झांडर देग या तरुणाला निवडले. देगच्या वाट्याला पुढे एनएचएलचे ६१६ सामने आले आणि त्यांत त्याचे १२९ गोल झाले. ज्याच्यावर एवढी आशा ठेवली होती, त्याच्या मानाने ही कामगिरी फिकी ठरली. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला ख्रिस प्राँगर २००० साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९५ पासून एनएचएलने पहिल्या निवडीसाठी सोडत सुरू केली. तात्पर्य, नवोदितांविषयीचे नियम बदलावे लागतात. ते बदलणे हे पाप नव्हे. प्रश्न आहे तो कोणत्या मापाने आणि केव्हापासून, एवढाच.

आता मुदतीचे कलम पाहू. तीन हंगाम हा आकडा सर्वांना सारखाच लागू होतो, म्हणून तो निःपक्ष आहे, असे वरकरणी वाटते. तसे ते नाही. कॉनर मॅकडेव्हिड २०१५ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच शरद ऋतूत एनएचएलमध्ये खेळू लागला. २०२३ चा कॉनर बेडार्ड आणि २०२४ चा मॅक्लिन सेलेब्रिनी यांचेही तसेच झाले. अशा खेळाडूंना मुदत तीन वर्षांची असली काय किंवा तीन महिन्यांची असली काय, फरक पडत नाही. फरक पडतो तो उशिरा पिकणाऱ्यांना. किरिल काप्रिझोव्हला मिनेसोटाने २०१५ मध्ये १३५ व्या क्रमांकावर निवडले. रशियातील करार पुरे करून तो अमेरिकेत उतरला तो २०२०-२१ च्या हंगामात, आणि उतरताच वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरून त्याने कॅल्डर करंडक जिंकला. गोलरक्षकांची गोष्ट तर आणखी निराळी. इगोर शेस्टर्किनची निवड २०१४ मध्ये ११८ व्या क्रमांकावर झाली. न्यूयॉर्क रेंजर्सकडून तो पहिला सामना खेळला जानेवारी २०२० मध्ये. आणि २०२२ मध्ये तो सर्वोत्तम गोलरक्षकाच्या वेझिना करंडकाचा मानकरी झाला. ॲडम फॉक्सचे उदाहरण तर या ठरावावर भाष्य करण्यासाठीच घडले असावे असे वाटते. २०१६ मध्ये ६६ व्या क्रमांकावर त्याची निवड झाली. त्यानंतर तीन वर्षे तो हार्वर्डमध्ये शिकत व खेळत राहिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो एनएचएलमध्ये आला आणि २०२१ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने मिळवला. प्रस्तावित नियमानुसार २०१९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे पीक हाती येण्याच्या ऐन तोंडावर, त्याला मोकळे सोडावे लागले असते.

या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. तीन वर्षांची मुदत साठेबाजाला जेवढी बोचते, त्याहून अधिक ती अभ्यास करणाऱ्याला बोचते. पहिल्या पाच-दहा नावांत कोणालाही काही शोधावे लागत नाही. ती नावे सर्वतोमुखी असतात. एनएचएलच्या निवडीच्या आज सात फेऱ्या होतात. त्यांतल्या चौथ्या-पाचव्या फेरीतला एखादा किरकोळ अंगाचा रशियन मुलगा हेरणे, तो कोठल्या गावच्या संघात खेळतो याची माहिती ठेवणे, त्याचा करार कधी संपतो ते पाहणे, हे कष्टाचे काम आहे. आणि त्या कष्टाचे मोल केवळ थांबण्यात आहे. आमच्या लीगमध्ये हे कष्ट करतात ते बहुधा तळाचे सदस्य, कारण विजेत्यांना वर्तमानातच पुरेसे मिळत असते. म्हणजे ज्या दुर्बळांच्या नावाने हा ठराव आला आहे, त्यांच्याच कणगीतले धान्य तो आधी उपसणार. साठेबाजी मोडण्याचा हेतू शुद्ध आहे, यात आम्हांस शंका नाही. पण हेतू आणि संहिता यांत अंतर पडते, आणि नियम लागू होतो तो संहितेप्रमाणे, हेतूप्रमाणे नव्हे. साहित्याच्या अभ्यासकांना हे आम्ही वेगळे सांगायला नको.

संहितेचा विषय निघालाच आहे, तर 'नवोदित' या शब्दाकडेही जरा बारकाईने पाहावे. हा शब्द दिसतो तितका सरळ नाही. वेन ग्रेट्झ्की १९७९-८० मध्ये एनएचएलमधला पहिला हंगाम खेळला. वय होते अवघे एकोणीस, गुण मिळवले १३७. पण त्याला नवोदिताच्या पुरस्कारासाठी पात्र धरले गेले नाही, कारण त्याआधी तो वर्ल्ड हॉकी असोसिएशन या प्रतिस्पर्धी व्यावसायिक लीगमध्ये खेळला होता. तो पुरस्कार त्या वर्षी रे बोर्क याला मिळाला. उलट आर्टेमी पनारिन रशियाच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये कित्येक हंगाम खेळून, वयाच्या चोविसाव्या वर्षी, २०१६ मध्ये त्याच पुरस्काराचा मानकरी झाला. केल मकार २०१९ च्या बाद फेरीत दहा सामने खेळला, तरी पुढल्या हंगामात तो नवोदितच गणला गेला आणि २०२० चा कॅल्डर करंडक त्याने जिंकला. कोण नवा आणि कोण जुना, हे वयावरून ठरत नाही की गुणवत्तेवरूनही ठरत नाही. ते व्याख्येवरून ठरते. आणि व्याख्या माणसे करतात, बहुधा काहीतरी अडचण उभी राहिल्यानंतर.

अशाच एका अडचणीची गोष्ट आमच्या या साऱ्या प्रतिपादनाचा आधार आहे. सर्गेई मकारोव्ह हा सोव्हिएत संघाच्या विख्यात आघाडीच्या फळीतला खेळाडू. कॅलगरीने त्याला १९८३ मध्ये २३१ व्या क्रमांकावर निवडून ठेवले होते. त्या काळी सोव्हिएत खेळाडू देश सोडून येणे जवळजवळ अशक्यच होते, त्यामुळे ही निवड म्हणजे खडकावर बी टाकण्यासारखे होते. सहा वर्षांनी, १९८९ मध्ये, वाट मोकळी झाली आणि मकारोव्ह कॅलगरीला आला. १९८९-९० च्या हंगामात त्याने ८६ गुण मिळवले आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याला सर्वोत्तम नवोदिताचा करंडक देण्यात आला. ज्याच्या गळ्यात विश्वविजेतेपदाची व ऑलिम्पिकची सुवर्णपदके पडून वर्षे लोटली होती, त्याला नवोदित म्हणावे हे पुष्कळांना विपरीत वाटले. त्याच हंगामात डल्लासच्या आजच्या संघाचा पूर्वावतार असलेल्या मिनेसोटाकडून माइक मोडॅनो हा एकोणीस वर्षांचा मुलगा ७५ गुण मिळवून गेला होता, आणि त्याला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. टीका झाली. एनएचएलने नियम बदलला: हंगामाच्या १५ सप्टेंबरला ज्याने वयाची सव्वीस वर्षे पुरी केली असतील त्याला यापुढे नवोदित म्हणता येणार नाही. या कलमाला लोक आजही मकारोव्हच्या नावाने ओळखतात.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की नियम बदलला. करंडक मात्र मकारोव्हकडेच राहिला. तो परत मागवून मोडॅनोला देण्यात आला नाही. मकारोव्ह ज्या दिवशी बर्फावर उतरला त्या दिवशी जो नियम होता, त्या नियमाने त्याची मोजदाद झाली. नियम चुकीचा होता असे ठरले, आणि तरीही त्या नियमावर विसंबून जे घडले होते ते मोडले गेले नाही. नियम सुधारणे आणि निकाल फिरवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे यातून दिसते. आमच्या लीगच्या ठरावातले तिसरे कलम या दोहोंत गल्लत करते. ज्याने चार वर्षांपूर्वी, मुदत नाही या भरवशावर, एखादा गोलरक्षक निवडला आणि त्यासाठी झटपट फळ देणाऱ्या खेळाडूवर पाणी सोडले, त्याला आज सांगायचे की तुझी मुदत गेल्या वर्षीच संपली! पेरणीच्या वेळी एक पायली दाखवायची आणि खळ्यावर दुसरी काढायची, असा हा व्यवहार झाला. आपल्या भाषेत अशा व्यवहाराला फारशी प्रतिष्ठित नावे नाहीत.

रॉबर्ट कूव्हर या अमेरिकन कादंबरीकाराची १९६८ मधली एक कादंबरी या संदर्भात आठवते. जे. हेन्री वॉ नावाचा एक हिशेबनीस फाशांवर खेळायची एक संपूर्ण काल्पनिक बेसबॉल लीग घरात बसून चालवतो, हा तिचा विषय. खेळाडू काल्पनिक, नियम त्याचेच, फासेही त्याचेच. डेमन रदरफर्ड हा त्या लीगमधला नवोदित गोलंदाज हेन्रीचा अतिशय लाडका. एके दिवशी फासे असे पडतात की नियमानुसार त्या लाडक्याचा मृत्यू ओढवतो. हेन्रीपुढे आता दोन वाटा आहेत: फासे मान्य करणे किंवा आपल्या मर्जीने ते फिरवणे. तो स्वतःला सावरायचा प्रयत्न करतो. पण अखेर ज्याच्या चेंडूने डेमन मेला त्या खेळाडूचा सूड घेण्यासाठी तो फासे स्वतःच्या हाताने मांडतो. त्या क्षणापासून ती लीग खेळ राहत नाही. मालकाची इच्छा हाच तिचा नियम होतो. कूव्हरच्या कादंबरीचे ईश्वरशास्त्रीय अर्थ पुष्कळांनी लावले आहेत. आम्हांस तिच्यातला एक साधा व्यवहारी अर्थही तितकाच मोलाचा वाटतो. नियमाचे भय सगळ्यांत जास्त असावे ते नियम करणाऱ्याला, कारण फासा हाताने मांडण्याची मुभा त्याच्याकडेच असते. बारा जणांचे बहुमत हाही असा हात होऊ शकतो.

यावर असे म्हटले जाईल, की मग काहीच बदलू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. किंबहुना नियम बदलण्याची गरज आज पूर्वीपेक्षा अधिक आहे, कारण बाहेरचे जगच बदलले आहे. कॅनडातील मेजर ज्युनियर स्पर्धांत खेळलेल्या तरुणांना अमेरिकन महाविद्यालयांच्या प्रथम श्रेणीत खेळण्यास पूर्वी मज्जाव होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो उठवण्याचा निर्णय झाला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तो अमलात आला. त्याच उन्हाळ्यात गॅव्हिन मॅकेनासारख्या गाजलेल्या तरुणाने मेडिसिन हॅटचा संघ सोडून पेन स्टेट विद्यापीठाची वाट धरली. २०२५ मध्येच एनएचएल आणि तिच्या खेळाडूंची संघटना यांच्यात नवा सामूहिक करार झाला. त्यानुसार २०२६-२७ पासून हंगाम ८२ ऐवजी ८४ सामन्यांचा ठरला. कॅनडाच्या ज्युनियर स्पर्धेतील एकोणीस वर्षांच्या खेळाडूला अमेरिकन हॉकी लीगमध्ये पाठवता येत नसे; प्रत्येक संघाला असा एक खेळाडू पाठवता यावा, अशी वाटही त्यात काढली गेली. म्हणजे नवोदितांच्या वाटा वाढल्या, काहींच्या लांबल्या, काहींच्या आखूड झाल्या. जुन्या नियमात याचा विचार असणे शक्य नव्हते. पण या बदलांची रीतही पाहण्यासारखी आहे. महाविद्यालयांचा निर्णय नोव्हेंबरात झाला आणि अंमल पुढल्या ऑगस्टात. करार २०२५ च्या उन्हाळ्यात मंजूर झाला आणि सामन्यांची संख्या बदलणार ती पुढच्या वर्षीच्या शरद ऋतूत. ज्यांच्यापुढे कोट्यवधी डॉलरचा व्यवहार आहे, त्यांनीही निर्णय आणि अंमल यांच्यामध्ये अवकाश ठेवला. बारा मित्रांच्या लीगला कसली घाई आहे?

तेव्हा आमची सूचना अशी आहे. यादी दहावरून आठवर आणावी, पण टप्प्याने, दर वर्षी एक नाव कमी करून. मुदत घालावी, पण आघाडीच्या व बचावाच्या खेळाडूंना चार हंगाम आणि गोलरक्षकांना सहा. मुदत संपली की खेळाडू हिसकावून घेऊ नये. तो ठेवायचाच असेल तर त्याची किंमत लावावी, म्हणजे त्याच्यासाठी मुख्य संघातली एक जागा द्यावी लागावी. असे केले की साठेबाजाला साठा महाग पडतो, आणि ज्याचा आपल्या माणसावर खरा विश्वास आहे तो किंमत मोजून थांबू शकतो. २५ सामन्यांची गणना साखळी सामन्यांची की बाद फेरीचीही, राखीव गोलरक्षक नुसता बाकावर बसला तर तो सामना धरायचा की नाही, हे शब्दांत स्पष्ट लिहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आज यादीत जी नावे आहेत त्यांना जुनाच नियम लागू राहावा. ती नावे मोकळी होईपर्यंत किंवा त्यांची अदलाबदल होईपर्यंत. नवा नियम पुढल्या निवडीपासून येणाऱ्या नावांना.

या शेवटच्या सूचनेवर आक्षेप असा, की मग काही वर्षे दोन नियम शेजारी शेजारी नांदतील आणि गोंधळ होईल. गोंधळ होईल, हे खरे. पण तो हिशेबाचा गोंधळ आहे, अन्यायाचा नव्हे. आमचे वाचक बहुतांशी विद्यार्थी व अध्यापक आहेत. त्यांना हा गोंधळ परिचयाचा असणार. विद्यापीठे अभ्यासक्रम बदलतात. नवी पुस्तके लागतात. तरीही जुन्या अभ्यासक्रमाला बसलेल्या, मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी काही सत्रे जुन्या अभ्यासक्रमाची वेगळी प्रश्नपत्रिका काढली जाते. परीक्षा विभागाला त्याचा ताप होतो, अध्यापकांना दोन दोन संच काढावे लागतात; पण ज्याने एक पुस्तक वाचून तयारी केली त्याला दुसऱ्या पुस्तकावर प्रश्न विचारू नये, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. तेवढेच सौजन्य आम्ही मागत आहोत.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. तुमच्या यादीत आज जी नावे आहेत ती वाचवण्यासाठीच तुम्ही हे तत्त्वज्ञान सांगत आहात, असे आम्हांला म्हणता येईल. म्हणावे. ठराव मांडणाऱ्यांनाही तसेच म्हणता येईल, कारण ज्यांच्या याद्या आज रिकाम्या आहेत त्यांचीच नावे ठरावाखाली अधिक आहेत. जॉन रॉल्स यांनी १९७१ मधील आपल्या न्यायविषयक ग्रंथात यावर एक युक्ती सुचवली आहे. समाजाची तत्त्वे ठरवताना ठरवणाऱ्याला आपण स्वतः कोणत्या जागी असू हे ठाऊक नाही अशी कल्पना करावी. त्या अज्ञानाच्या पडद्याआड जे मान्य होईल ते न्याय्य. प्रत्यक्ष व्यवहारात असा पडदा मिळत नाही. परंतु काळ हा त्याला बरा पर्याय आहे. जो नियम तीन वर्षांनी लागू होणार आहे त्याला मत देताना तीन वर्षांनी आपली यादी भरलेली असेल की रिकामी, हे कोणालाच माहीत नसते. म्हणून अंमल जितका लांब, तितके मत स्वच्छ. आमचे आणि त्यांचे, दोघांचेही हेतू त्यामुळे आपोआप तपासले जातील.

राहता राहिला सर्वांत जुना आक्षेप, की हा अखेर खेळच आहे. हे आम्हांस मान्य आहे. पैसा फारसा गुंतलेला नाही, कीर्ती तर नाहीच. पण ज्या बारा जणांना एरवी एकत्र आणणारे काहीही नाही, ज्यांच्या भाषा निराळ्या, व्यवसाय निराळे, त्यांना हा खेळ वर्षभर एका धाग्यात ठेवतो. आमच्यासारख्या, मराठी घरात क्रिकेटवर वाढून प्रौढपणी या थंड देशात येऊन बर्फावरची हॉकी शिकलेल्या माणसांना तर या देशाशी बोलण्याची एक भाषाच या खेळाने दिली. तो धागा नियमांचा आहे. इतर कोणताही नाही. आज बहुमत आहे म्हणून कोणा एकाची चार वर्षांची प्रतीक्षा रद्द केली, तर तो कदाचित तक्रारही करणार नाही. पुढच्या वर्षी तो वाट पाहणे सोडून देईल, एवढेच. आणि ज्या लीगमध्ये कोणीच वाट पाहत नाही, तिच्यात नवोदितांची यादी सहांची असावी की दहांची, हा प्रश्नच उरत नाही.

म्हणून ठरावाच्या पहिल्या दोन कलमांवर आम्ही दुरुस्ती मांडू आणि ती फेटाळली गेली तरी मुकाट्याने खेळू. तिसऱ्या कलमाला मात्र आमचे मत विरोधात पडेल, आमच्या यादीत त्या दिवशी नावे असोत वा नसोत.